नाव न लिहिलेला प्रश्न

पडेगाव, औरंगाबाद
४ एप्रिल २०१६

चि. सौ. पद्मजा हिस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं मागचं पत्र म्हणजे तारच होती. चार ओळी आणि इकडील सर्व क्षेम. पिशोरात फोन धड लागत नाही, निदान पत्र तरी पोटभर लिही. इकडे दौलताबाद रस्त्याला रोज नवी इमारत उभी राहते आणि आम्ही टँकरची वाट बघतो.

तुझा दादा आता जाणकार झालाय, हसू नकोस. आमच्या सुयशने मला फोनवरच्या ‘आरोग्यकट्ट्या’त घातलं, ते कळवलंच होतं. लोक दुखणी लिहितात, आपण अनुभवाचं सांगायचं. आता तिथं नव्या सोयी झाल्यात. नाव न देता विचारता येतं, दर रविवारी खरे डॉक्टर उत्तरं देतात, आणि शंभर उत्तरं दिली की नावापुढे ‘जाणकार’ असा शिक्का उमटतो. तीस वर्षं कचेरीत घासली, तिथं कुणी विचारलं नाही.

आज सकाळीच एका बाईने नाव न देता विचारलं. हंडा घेऊन ओटा चढलं की छातीत भरून येतं, घाम फुटतो, बसलं की थांबतं. आणखीही बारीकसारीक होतं. मी लिहिलं, उन्हाचं पित्त आहे, धणे-जिऱ्याचं पाणी प्या.

लोभ आहेच, तुझा जरा लांबलचक पत्रातून दिसू दे.

तुझा,
दादा


पिशोर
गुढीपाडवा, ८ एप्रिल २०१६

ती. स्व. दादास, पद्मजाचे शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. रागावू नकोस, खरंच क्षेम. पाडव्याला पुरणाचा घाट घातला नाही, भांडी घासायला पाणी कुठलं? टँकर चौथ्या दिवशी येतो. टँकरवाला सांडू काल म्हणाला, आजी, लई दम लागतो व्हय तुम्हाला. मी म्हटलं, ऊन आहे बाबा.

नात सावनी आली होती. तिने फोनवर तुझा शिक्का दाखवला, फार बरं वाटलं. त्या बाईला तू सांगितलंस ते योग्यच. धणे-जिऱ्याचं पाणी मीही घेते, उन्हाळ्यात बरं असतं. हंडा उचलला की दाढ ठणकते बिचारीची, तीही थांबेल. लहानपणापासून तुझंच औषध लागू पडतं.

कळावे. लोभ असू दे, काळजी नसू दे.

तुझी,
पद्मा


पडेगाव
१२ एप्रिल २०१६

पद्मा,

मायना राहू दे. रविवारी डॉक्टरांनी त्या बाईला लिहिलं की हे हृदयविकाराचं लक्षण आहे, जड उचलू नका, आजच दवाखाना गाठा. माझं उत्तर कट्ट्याने काढून टाकलं, बरं झालं. विचारणाऱ्याने उत्तर वाचलं की ‘पाहिले’ असं उमटतं, हीही नवी सोय. दोन दिवस दर तासाला बघतोय, उमटत नाही. नाव नाही, गाव नाही, तिला शोधायचं कुठं?

मघाशी तुझं पत्र आलं. दाढेचं मी तुला लिहिलंच नव्हतं. ते तिच्या प्रश्नात होतं, आणि मी त्यावर लवंग सांगून मोकळा झालो होतो. सावनीच्या फोनवर वाचलं असशील, असं मनाला समजावून पाहिलं. पण सांडूचं बोलणं वाचलं आणि सुयशला फोन केला.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सुयश गाडी घेऊन येतोय, त्याच्याच हाती देतो. तोंडी निरोप दिला तर मी ठणठणीत आहे म्हणून त्याला चहा पाजून परत लावशील. हंडा हातात असेल तर खाली ठेव. लोभाचं नंतर, आधी गाडीत बस.

दादा


औरंगाबाद, दवाखान्यातून
१७ एप्रिल २०१६

ती. स्व. दादास, शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, हे या वर्षात आज पहिल्यांदा खरं लिहितेय. हृदयाच्या दोन नळ्या अडल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. डॉक्टर म्हणाले, अजून चार हंडे उचलले असते तर मुश्कील होतं.

माहेरी दुखणं कळवायचं नाही, ही आईची शिस्त. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. म्हणून सावनीच्या फोनवरून नाव न देता विचारलं, आणि उत्तर आलं ते नेमकं तुझं. सावनी म्हणत होती, रविवारी डॉक्टरांचं येईल, ते बघू. मी म्हटलं, दादाने सांगितलंय ना, मग डॉक्टर कशाला. ती गेल्यावर कट्टा उघडायचा प्रश्नच नव्हता. मला पित्तच हवं होतं रे, आणि तू पित्तच सांगितलंस.

चार दिवस सुयश डबा आणतो. खिचडीत जिरं जळलेलं असतं, म्हणजे ती तूच केलेली. तो म्हणतो, बाबा खाली फाटकापाशी बाकावर बसतात, वर यायला धजत नाहीत. हे पत्रही त्याच्याच हाती दोन मजले खाली पाठवतेय.

लोभ बाकावरून पोचत नाही. वर ये. भेटायची वेळ पाच ते सहा आहे.

तुझी,
पद्मा