घाटावरची धवळी

माय, त्या सकाळीही तू नेहमीसारखं अंगण झाडलंस, चूल पेटवलीस आणि उजाडायच्या आत हंडा घेऊन आपल्या प्रकाशा गावच्या घाटावर, तापीवर गेलीस. बाकीच्या बायका उजाडल्यावर जायच्या. तुझ्या तोंडावर नि हातांवर कोड पसरलं होतं. तू घाटावर टेकलीस की त्या आपापली भांडी सरकवून घ्यायच्या, म्हणून तू अंधारातली वेळ धरलीस. परत येऊन भाकरी थापत होतीस, तेव्हा शेजारची काकू उंबऱ्यातून म्हणाली, "काय वं, देवळात उतरेल यात्रेकरूसले घाटवर भूत दिखनं म्हने. धवळी बाई, तोंड चुन्यासारखं. तू तं रोज जास, तुले नही दिखनी?" तू भाकरी उलटलीस. "दिखनी ना. मन्हाच हंडा ली जाई ऱ्हायनी व्हती." दोघी पोट धरून हसलात. मी चुलीपाशी बसले होते. हसावं की नाही, मला कळेना.

यात्रेकरूंनी ती गोष्ट आपापल्या गावी नेली. मग गाडीवान पहाटे घाटाची वाट टाळू लागले. कुणी तिथे लिंबू ठेवून जाई, कुणी नारळ. नारळ तू घरी आणायचीस आणि आपण त्याची चटणी वाटायचो. घाट मोकळा मिळाला म्हणून तू खूशच होतीस. पण माझ्या लग्नात तू मांडवात आली नाहीस. "जाय बेटा, मी आठेच, घरमा बरी शे," म्हणालीस. सासरी सांगितलं, आई आजारी आहे. थोड्याच दिवसांत तू गेलीस आणि ते खोटं झाकलं गेलं. नवऱ्यालाही मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. आता तेही नाहीत.

परवा नात लोणखेड्याच्या कॉलेजातून आली. त्यांच्या स्नेहसंमेलनात जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायच्या आहेत. "मोठी माय, तू तं प्रकाशानी. धवळी खरंच व्हती का वं?" असं म्हणून तिने तोंडाला पावडर फासली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि घरभर धवळीसारखी चालून दाखवली. सून हसून हसून खाली बसली. मीही हसले, माय. म्हटलं, "व्हती. लोके घाबरेत." तिने विचारलं, "पाय उलटा व्हतात का?" मी हो म्हटलं. तुझ्या टाचांच्या भेगांत मी मेण भरायचे, त्या पायांना मी उलटे म्हटलं.

नातीला बघायला पाहुणे येऊ लागलेत. घरात कुणाला कोड होतं असं कळलं की लोक चहा पिऊन उठतात, पुन्हा निरोप येत नाही. इतकी वर्षं हाताला लागेल ते पुस्तक मी वाचलं. कोड शिवल्याने लागत नाही, हे मला त्यातूनच कळलं. तरी पाहुण्यांसमोर ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

हे पत्र तुला लिहितेय खरं, पण कुठे पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सून बाजारात गेल्यावर मी नातीला जवळ बसवलं. सांगितलं, "ती भूत नव्हती. मन्ही माय व्हती. तिले कोड व्हतं." पोर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग संमेलनमा काय सांगू?"

मी म्हटलं, "भूतनीच गोष्ट सांग."