डाव्या सीटचा दंड

८ जानेवारी २०२६

मी, यज्ञेश गणेश पळसुले, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, एका सहकारी बँकेतील हिशेब तपासनीस, ही रोजनिशी एकाच हेतूने सुरू करीत आहे: निर्विघ्न पार्किंग सेवा या खासगी कंपनीने माझ्याकडून अन्यायाने वसूल केलेला दंड परत मिळवणे. भावनेला येथे जागा नाही.

वस्तुस्थिती अशी. परवा थोरले बंधू बिंदुमाधव यांना मणिकर्णिकेवर अग्नी दिला. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून मी. बाकीची मंडळी ई-रिक्षाने गेली. मी माझ्या गाडीने एकटा गेलो आणि ती मैदागिन चौकाजवळ कंपनीच्या आवारात लावली. लाकडे ओली, धुके दाट. विलंब झाला. विलंब दादांचा, दंड मला. दादा जन्मभर सगळीकडे उशिराच पोचले, पण त्याचे पैसे आजवर कोणी मागितले नव्हते.

९ जानेवारी

अर्जाचा मसुदा तयार. नीरजा म्हणाली, निदान दहावा तरी होऊ द्या. सुतकात रिफंड मागू नये असे कोठेही लिहिलेले आढळले नाही. पत्नीला तसे कळवले.

किरकोळ नोंद: गाडीत डाव्या सीटच्या बेल्टचा अलार्म वाजतो. सीट रिकामी. दादा बसत तेव्हा असाच वाजे. ते बेल्ट लावीत नसत. मला काय बांधून नेतोस, असे म्हणत. कारण उघड आहे. हवेतील ओल.

१२ जानेवारी

आनंदीवहिनींनी विचारले, भावजी, मडकं फोडल्यावर तुम्ही मागे वळून पाहिलंत का? कोणीतरी सांगितले असावे. चितेला पाठ केल्यावर वळून पाहायचे नसते, हे मला ठाऊक आहे. मी खुलासा केला की वळलो असे म्हणता येणार नाही. कनवटीला खोचलेली पार्किंगची पावती पडली, ती उचलली. ती मागच्या बाजूला पडली, यात माझा दोष नाही.

वहिनी म्हणाल्या, मग झालंच. त्यांना वाटलं असेल, तुम्ही चला म्हणताय. कुणी चला म्हटलं आणि हे नाही म्हणाले, असं कधी झालंय का? हसल्या. मग पदर तोंडाला लावला.

पावती हा मूळ दस्तऐवज असतो. तो घाटावर सोडून येणे उचित ठरले नसते.

१५ जानेवारी

दहावा. कावळा पिंडाला शिवेना. गुरुजी म्हणाले, काय इच्छा राहिलीय ते ओळखून वचन द्या. मी मनात स्पष्ट शब्दांत म्हटले, दादा, दंड परत मिळवीनच. जवळ आलेला कावळा उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

परतताना अलार्म घरापर्यंत. आज ओल नव्हती. सीटवर अर्जाची फाईल होती, वजन तिचेच. फाईल मागच्या सीटवर ठेवली. अलार्म चालूच. सेन्सरला सवय झाली असावी.

१७ जानेवारी

कंपनीच्या कार्यालयात गेलो. व्यवस्थापक विष्णू, तिशीचा, पान तोंडात. मला बाऊजी म्हणतो. म्हणाला, बाऊजी, मुर्दा देर करे तो इसमें हमारा क्या कसूर? इथे निम्मी गिऱ्हाइके घाटावरूनच येतात, सगळ्यांना माफ केले तर आम्हालाही तिकडेच नेऊन ठेवा. लेखी पुरावा मागितला. माणूस गडबडला. विजय समीप आहे.

१९ जानेवारी

पुरावा आला: बाहेर पडतानाचा कॅमेऱ्यातील फोटो. नंबर माझा. चालकाचे डोके तुळतुळीत, परंतु काशीत ही काही ओळखीची खूण नव्हे. डाव्या सीटवर एक व्यक्ती. मफलर गुंडाळलेली. चेहरा धुक्यात.

मुद्दा अत्यंत बळकट झाला. मी एकटा होतो. फोटोत दोघे आहेत. अर्थात ही गाडी माझी नाही. तसे कंपनीला कळवले.

झोप नाही. चहा जास्त झाला असावा.

२० जानेवारी

आपण गाडीत नव्हतो, असे वहिनींनी लिहून द्यावे म्हणून त्यांना फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, मफलर उलटाच गुंडाळलाय. कधी धड गुंडाळलाच नाही यांनी. मी म्हटले, हे काचेवरील परावर्तन आहे. त्या म्हणाल्या, असू दे. मग विचारले, हा ठेवून घेऊ?

झेरॉक्स दिली. त्यांनी मूळ प्रत मागितली. ती दिली. का दिली, याचा खुलासा नंतर लिहीन.

२२ जानेवारी

विजय. विष्णूचा फोन: वरून मंजुरी आली, कॅमेरा बिघडला होता असे कंपनी मानते. पैसे रोख देतील. फक्त एका ओळीवर सही हवी: त्या दिवशी गाडीत माझ्याशिवाय कोणीही नव्हते.

गेलो. पेन चालेना. विष्णूने आपले दिले. ते निळे होते. मी काळ्या शाईनेच सही करतो. परवा काळे पेन घेऊन येईन, असे सांगितले. तो म्हणाला, बाऊजी, खिशाला काळेच तर लावलेय.

२४ जानेवारी

दोन काळी पेने घेऊन निघालो. वाटेत अलार्म. मैदागिनच्या अलीकडे गाडी थांबवली आणि डाव्या सीटचा बेल्ट ओढून लावला. सैलच ठेवला, काचू नये म्हणून. अलार्म थांबला.

कंपनीच्या आवारात गाडी लावली आणि बसून राहिलो. उतरावेसे वाटले नाही. विष्णूने काचेवर टकटक केले. म्हणाला, टाइम हो गया बाऊजी, सही करायला येताय ना? मी म्हटले, अर्ज मागे घेतो. त्याने कारण विचारले. मी सांगितले, ओळ खरी नाही.

त्याने वाकून डाव्या सीटकडे पाहिले, लावलेल्या बेल्टकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, फिर तो आज का भी जुर्माना लगेगा.

भरला. त्याने पावती पुढे केली. घेतली नाही.

यज्ञेश गणेश पळसुले
वाराणसी
२४ जानेवारी २०२६