आठ वाजताची नोंद

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज यादी लागली. ज्या कंपनीला आपली औषधं जातात त्यांचं ऑडिट, १८ आणि १९ तारखेला. लॅबतर्फे उत्तरं कोण देणार, तर नीलम राऊत. दोनदा वाचलं. माझंच नाव.

सावे मॅडमकडे गेले. क्वालिटीच्या मुख्य त्याच, यादीही त्यांचीच. म्हटलं, नितीनला घ्या ना, तो बोलतो चांगलं.
"नितीन बोलतो चांगलं. काम तू करतेस. ऑडिटर कामाचं विचारणार."

गेल्या वर्षीचं त्या विसरल्या नसणार. ऑडिटर बाईंनी साधं विचारलं होतं, हे वजन दोनदा का करता? नऊ वर्षं रोज करतेय. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी नितीन मध्ये पडला आणि त्याने सांगितलं. रिपोर्टात आलं, 'संबंधित केमिस्टला प्रक्रियेची माहिती असल्याचे दिसले नाही.' बसमध्ये रडले होते तेव्हा, खिडकीकडे तोंड करून.

बुधवार, ५ नोव्हें.

सा. मॅडमनी तासभर बसवलं. मुद्दे लिहून ठेवते.
आधी उत्तर, मग कारण. विचारलं तेवढंच. 'बहुतेक', 'असेल', 'तसं काही नाही' बंद. माहीत नसेल तर सरळ 'बघून सांगते', त्यात कमीपणा नाही. हाताची घडी नको. नजर जमिनीवर नको.

आणि हे माझ्यासाठी खास: "तू वाक्य संपवत नाहीस. शेवटचे दोन शब्द गिळतेस. समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतेय."

खरंय. शाळेपासूनचं.

शुक्रवार, ७ नोव्हें.

डब्याच्या सुट्टीत जमनाताईला समोर बसवलं. लॅबची काचेची भांडी तीच धुते. मनोरच्या पलीकडून येते, दोन जीप बदलून. म्हटलं, तू ऑडिटर हो, मला विचार.
तिने भाकरी बाजूला ठेवली आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "बोल, ह्या बाटलीत काय हाय?"
मी सांगितलं.
"माला नाय समजला."
परत सांगितलं.
"तू कागदातला बोलते. तू काय करते ता सांग."
चौथ्या वेळी पास केलं. मग मी तिला विचारलं, भांडी कशी धुतेस? "तीन पान्यानं धुते, चौथा त्या मशीनचा पानी. मग पालथी घालते. फडका लावत नाय, फडक्याचा कापूस ऱ्हातो." एका दमात. कुठेही अडकली नाही. हिला कोणी ट्रेनिंग दिलं?

रविवार, ९ नोव्हें.

घरी. विलास सकाळपासून वाडीत, विड्याची पानं खुडायची होती. सासूबाई सावलीला बसून गड्ड्या बांधत होत्या. म्हटलं, चला, ह्यांच्यावर सराव करू. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणजे आपोआप मोठ्याने बोलावं लागतं. विलास तिकडून ओरडला, "कंपनीत तोंडाला कुलूप आणि इथं अख्ख्या माहीम गावाला ऐकू जातंय!"

सासूबाईंना थंड खोलीचं समजावलं. प्रत्येक मालाचा नमुना तिथे ठेवतो, दोन वर्षांनी तो तसाच राहिला का ते बघायला. आत किती थंड आहे ते रोज दोनदा रजिस्टरमध्ये लिहितो, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. बरं चाललं होतं. एकही शब्द गिळला नाही.
मग त्या म्हणाल्या, "आठला? गाडी नाय आली का तू पालघरनाच फोन करते ना, उशीर हाय म्हनून. तवा कोन लिवते?"
मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं त्यांनाच ऐकू आलं नाही. "काय बोललीस?"

सोमवार, १० नोव्हें.

हे फक्त इथे लिहिते.
कंपनीची बस पावणेआठला पोचते. महिन्यातून एखाद-दोनदा पोचत नाही. कधी फाटक, कधी बिघाड. रात्रपाळीचा माणूस सातलाच सुटलेला असतो. मग आठचा रकाना रिकामा. आल्यावर थंड खोलीच्या तापमानाचा काटा बघायचा आणि वेळ आठ लिहायची. सगळेच लिहितात. पहिल्या महिन्यात मला हे नितीननेच दाखवलं. त्यात वाईट काही वाटलं नव्हतं, तो मदतच करत होता.

आज रजिस्टर काढून मागे गेले. २१ ऑगस्ट. उमरोळीजवळ टायर गेला होता, तो दिवस पक्का आठवतो. नऊ चाळीसला पोचलो. माझ्या अक्षरात: सकाळी ८.००, ४.६ अंश. सही.
त्या दिवशी काटा बघितलासुद्धा नव्हता. तीन नमुने खोळंबले होते. आदल्या दिवशीचा आकडा बघितला, थोडा बदलला आणि लिहिला.

मॅडमना सांगावं का? काय सांगू, तीन महिन्यांनी?

गुरुवार, १३ नोव्हें.

सराव परीक्षा. सा. मॅडम ऑडिटर, प्लांटचे साहेब शेजारी. वीस मिनिटं. थंड खोलीचं विचारलं, किती वेळा नोंद? "दोन वेळा, आठ आणि पाच." खणखणीत. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड, हीच ती नीलम का?" मॅडम खूश. बसमध्ये मी परत खिडकीकडे तोंड करून बसले.

मंगळवार, १८ नोव्हें.

पहिला दिवस. ऑडिटर हैदराबादचे, पन्नाशीचे, एकटेच. आवाज माझ्याहूनही बारीक, आम्हीच पुढे वाकून ऐकत होतो. हिंदीत बोलतात, हळूहळू.
वजन दोनदा का, हे त्यांनीही विचारलं! सांगितलं. मान हलवली, पुढे गेले.
जमनाताईला विचारलं, तिने तिच्या हिंदीत सांगितलं, फडक्याचा कापूस वगैरे सगळं. ते हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर ती मला म्हणते, "त्यात घाबरायचा काय? मीच धुते ना."
एकूण सात प्रश्न, सातही नीट. मॅडमनी जाताना पाठीवर हात ठेवला.

बुधवार, १९ नोव्हें.

साडेअकरा. थंड खोलीबाहेर आम्ही चौघं, ऑडिटर, मॅडम, मी, दाराशी नितीन. त्यांनी रजिस्टर मागितलं. पानं अशीच उलटली आणि ऑगस्टमध्ये थांबले. बोट २१ वर.
"ये रीडिंग आपने लिया?"
"जी सर, मैंने."
"आठ बजे?"

जी, आठ बजे. एवढंच म्हणायचं होतं. तयारही होतं, तोंडात आलेलं होतं.

"नहीं सर. उस दिन बस लेट थी. मैं नौ चालीस को आयी. आठ बजे का मैंने बाद में लिखा."
"देखकर लिखा?"
"नहीं. बिना देखे लिखा."

ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही. लिहून घेतलं. "थँक यू," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. मॅडमचा श्वास मला मागून ऐकू आला.
आवाज कापला नाही. वाक्य पूर्ण झालं. याचं काय करायचं ते कळत नाहीये.

गुरुवार, २० नोव्हें.

सा. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.
"मला आधी सांगितलं असतंस, तर त्या दिवशी तुला रजा दिली असती."
"मग नितीनला विचारलं असतं, मॅडम."
त्यांनी चष्मा परत लावला. म्हणाल्या, "जा तू."

नितीन कॉरिडॉरमध्येच थांबला होता. त्याने गेटवर चौकशी केली म्हणे. बस किती वाजता आली ते लिहितात ते गेटचं रजिस्टर ऑडिटरने मागितलंच नव्हतं. "त्याला काही माहीत नव्हतं, नीलम. सहज विचारलं त्याने. तू काय हरिश्चंद्र आहेस?"
मलाही माहीत नव्हतं की त्याला माहीत नाही. पण कळलं असतं तर? खरंच सांगता येत नाही. उगाच चांगलं वाटून घेत नाही.

विलासला सांगितलं. तो म्हणाला, "काढतील?" म्हटलं, माहीत नाही.

शनिवार, २२ नोव्हें.

थंड खोलीत एक छोटं यंत्र तापमानाची आपोआप नोंद ठेवतं. मेंटेनन्सवाले दर महिन्याला ती उतरवून ठेवतात, कोणी उघडून बघत नाही. मॅडमनी काल ऑगस्टची उघडली.
२१ ऑगस्ट. पहाटे साडेपाचला वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही. खोली तेरा अंशांपर्यंत चढली. मी नऊ चाळीसला आले तेव्हाही नऊच्या वर होती. आठ अंशांच्या वर जाता कामा नये.
म्हणजे काटा नुसता बघितला असता तरी दिसलं असतं. दाराबाहेरच आहे. चार पावलं.

बारा बॅचचे नमुने आत होते. सगळे परत तपासायचे. त्यातली दोन औषधं लहान मुलांची.
मॅडमनी कागद माझ्यापुढे ठेवला. मीच म्हटलं, तपासायला मी बसू का? "तू नको," म्हणाल्या. बरोबरच आहे. लागलं मात्र.

मंगळवार, २५ नोव्हें.

डब्याला आमच्या टेबलावर कोणी येत नाही. जमनाताई येते, तिचं टेबल खरं तर वेगळं. सुकटीची चटणी दिली तिने. "मान वर करून जेव," म्हणाली.
तिला विचारलं, मी चुकले का?
"आगस्टात चुकली. आता काय चुकली?"
नितीन दुसऱ्या बाजूला तोंड करून बसतो. त्याच्या बायकोला आठवा महिना आहे. गेल्या वर्षी त्या बाईंसमोर माझ्यासाठी तोच मध्ये पडला होता, हेही विसरता येत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हें.

चौकशी. मुंबई ऑफिसहून दोघं, प्लांटचे साहेब, सा. मॅडम. मराठीतच.
असं किती वेळा केलं? "नक्की आकडा सांगता येणार नाही. दहापेक्षा जास्त."
न बघता किती वेळा? "एकदा. बाकी वेळी बघून लिहिलं, वेळ खोटी लिहिली."
का? "रकाना रिकामा दिसला तर बोलणी बसतात. उशिराची वेळ लिहायला रजिस्टरमध्ये जागाच नाही."
हे साहेबांनी लिहून घेतलं. मग मुंबईचे म्हणाले, "आणि बाकीचे?"
"माझं मी सांगितलं, सर. त्यांचं त्यांना विचारा."
"तुम्हाला विचारतोय."
मॅडम मध्ये पडल्या, म्हणाल्या सर्वांना लेखीच विचारू. बाहेर आल्यावर वाटलं, वाक्य तर पूर्ण होतं, आवाजही चांगला होता. पण ते उत्तर नव्हतं.

शनिवार, २९ नोव्हें.

फॉर्म मिळाला. सात प्रश्न, सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत द्यायचा. सातवा: 'इतर कोणी अशा प्रकारची नोंद केल्याचे आपल्याला माहीत आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. खाली सही.

परतीच्या बसमध्ये नितीन येऊन शेजारी बसला. दहा दिवसांत पहिल्यांदा. उमरोळी गेल्यावर हळूच, "'नाही'वर खूण कर. खोटं नाही होत ते. तू कधी माझ्या शेजारी उभी राहून बघितलंयस का मला लिहिताना?"
बघितलंय. त्यालाही ठाऊक आहे.
"तू शिकवलंस मला ते," मी म्हटलं.
"मला दुसऱ्याने शिकवलं," तो म्हणाला. "तो आता वापीला आहे, मॅनेजर."
उतरताना त्याने माझी पिशवी धरली, नेहमी धरतो तशी.

नमुन्यांपैकी सहा बॅच तपासून झाल्या, ठीक आहेत. सहा बाकी. मुलांची दोन्ही बाकीत.

रविवार, ३० नोव्हें.

सकाळी सहा उत्तरं लिहून काढली. पूर्ण वाक्यं, खाडाखोड नाही. मॅडमना दाखवावीत अशी.

सातव्याशी तासभर बसलेय. 'नाही' लिहिलं तर उद्या कोणी विचारणारही नाही. 'होय' लिहिलं तर आठ-नऊ जण अडकतील, त्यात नितीन, त्याच्या घरी तो आठवा महिना. आणि 'नाही' म्हणून सगळं तसंच चालू राहिलं, परत कधी वीज गेली, आणि कोणीतरी चार पावलं गेलं नाही, तर?

विलास वाडीतून आला, हात धुताधुता म्हणाला, "तुला काय वाटतं ते लिही."
मला काय वाटतं ते विचारलेलंच नाही. माहीत आहे का, एवढंच विचारलंय.

पानं खुडणाऱ्या बाया जेवायला आल्यात. वाढायला उठते. फॉर्म कपाटावर ठेवलाय, वाऱ्याने उडू नये म्हणून वर डबा ठेवला.