कानावर बसलेला ड्रॅगन

वसतिगृह, खोली ३०७
१४ सप्टेंबर

तीर्थरूप अप्पा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली लहान पण उजेडाची आहे. दोन पलंग, दोन टेबलं आणि खिडकीखाली सायकलींची लांबच लांब रांग. खोलीतली जोडीदारीण वीस वर्षांची आहे आणि सेलो वाजवते. ते तिचं भलंमोठं वाद्य दारामागे उभं असतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी माणूसच लपलाय!

वर्गात आम्ही सोळा जण. एकतीस वर्षांची मी एकटीच, त्यामुळे मुलं मला मोठी बहीण म्हणायला लागली आहेत. आमच्या बाई पूर्वी रेडिओवर बातम्या सांगायच्या. त्यांचा कान इतका तिखट, की मागच्या बाकावर कुणी चुकीचं पुटपुटलं तरी त्यांची मान वळते.

अक्षरं मला आवडतात. गोदामात सात वर्षं सुट्या भागांचे नंबर उतरवले त्याचा फायदा होतोय, हात वळणाला पक्का आहे. पण बोलणं! या चिनी भाषेत चार सूर. एक वर सपाट राहणारा, एक चढणारा, एक खाली बुडी मारून वर येणारा आणि एक धाडकन कोसळणारा. अक्षरं तीच, सूर बदलला की अर्थ पार दुसरा. काल दुकानात छत्री घ्यायला गेले आणि 'विकत घ्यायचीय' ऐवजी 'विकायचीय' असं सांगून बसले. दुकानदाराने माझे रिकामे हात पाहिले आणि विचारलं, की माल कुठाय?

फोन करत नाही म्हणून रागवू नका, अप्पा. पडद्यावर माझे ओठ मध्येच गोठतात आणि तुम्ही पुढच्या वाक्याचा अंदाज बांधत बसता, ते मला बघवत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

पत्राची वाट पाहते. दोघांचा लोभ सोबत आहेच.
तुमची,
ठकू


घर
३० सप्टेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. आईने दोनदा वाचलं, मी तीनदा. छत्रीचा किस्सा मी गिरणीतल्या जुन्या मंडळींना सांगितला. ते म्हणाले, पोरगी व्यापाराला गेली की शिकायला?

तुझे गोदामाचे साहेब परवा रस्त्यात भेटले. त्यांच्या ओठांवरून एवढं कळलं, की चिनी भाषेतली माहितीपत्रकं खोक्यांतून येतच आहेत आणि ती कुणालाच वाचता येत नाहीत. तिशीनंतर जीभ वळत नाही, हेही त्यांनी पुन्हा ऐकवलं. मी बहिरा असल्यामुळे ते मला ऐकू आलं नाही.

थंडीचे कपडे घालत जा. पोटाची आबाळ करू नकोस.
तुझे,
अप्पा

ता. क. – ठकू, मी आई. तुझ्या कोटाला मी आतून दोन खिसे शिवलेत, ते सापडले का? आणि त्या सेलोवाल्या पोरीशी भांडू नकोस. तू सकाळी फार कुरकुरतेस.


वसतिगृह
२ नोव्हेंबर

ती. अप्पा, आई,
साष्टांग नमस्कार.

खिसे सापडले. बाकी बातमी चांगली नाही, म्हणून पत्र चार दिवस लांबवलं.

पहिली तोंडी परीक्षा झाली. शंभरात एकोणीस. लेखीत मी वर्गात दुसरी आले आणि तोंडीत शेवटची. बाईंनी खोलीत बोलावून नीट समजावलं. शिष्यवृत्तीची अट अशी, की जानेवारीच्या तोंडीत साठ हवेत, नाहीतर परतीचं तिकीट. त्या म्हणाल्या, की मी सगळं एकाच सुरात बोलते आणि तेही ठणाणा. घरी खूप गोंगाट असायचा का, असंही त्यांनी विचारलं.

अप्पा, त्याचं उत्तर मला जिना उतरताना सुचलं. आपल्या घरात आम्ही सगळे तुमच्याकडे तोंड करून, ओठ मोठे हलवून, एका पट्टीत बोलतो. तुम्हाला सूर कळणार नाही म्हणून आम्ही तो कधी लावलाच नाही. मला वाटतं, आपल्या घरात सूर नव्हताच. हा दोष नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण जे कानाने लहानपणी घेतलं नाही ते आता कुठून आणू? सेलोवाली पहिल्या दिवसापासून अचूक बोलते. मी रोज तिच्यासमोर शंभर शब्द म्हणते आणि ती बिचारी ऐंशी फुल्या मारते.

नोकरी सोडून आले, तुम्हा दोघांना एकटं टाकलं. साहेबांनी माझ्या जागी अजून कुणी घेतलं नसेल तर तेवढं कळवा. मान खाली घालून येईन.

तुमची,
ठकू


घर
१७ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट तू चुकीची लिहिलीस आणि ती दुरुस्त करणं माझं काम आहे.

आपल्या घरात सूर होता. माझ्या आवाजात होता आणि तो मी कमावलेला होता.

तू सहा वर्षांची असताना माझे कान पूर्ण गेले. गिरणीतल्या आवाजाने चार-पाच वर्षं ते कुरतडले गेलेच होते. आमच्या खात्यात एक म्हातारा कारागीर होता, तोही असाच बहिरा झालेला. स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून त्याचं बोलणं हळूहळू सपाट झालं, मग लोक हसायला लागले आणि शेवटी त्याने बोलणंच सोडलं. मला कान गेल्याची भीती नव्हती, त्या म्हाताऱ्यासारखं होण्याची होती.

तुला आठवत असेल, मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी आईला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचो. तुला वाटायचं, तिचे हात शिवणात गुंतलेत म्हणून. तसं नव्हतं. मी एक हात छातीवर ठेवून वाचायचो आणि आवाज पडला की आई बोट खाली करायची, चढला की वर. असं तीन वर्षं चाललं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

मी फिटर माणूस. यंत्राच्या अंगावर तळहात ठेवला की कुठलं बेअरिंग गेलंय ते मला कळायचं, कान असलेल्यांच्या आधी. माणसाचंही तसंच आहे. खालचा आवाज छातीत घुमतो. वर चढला की छाती शांत होते आणि गळ्यात बारीक कंप येतो. एकदम तोडला तर हाताला धक्का बसतो. तुझे चार सूर मी ऐकलेले नाहीत, पण तू वर्णन केलंस त्यावरून ते चारही हाताला वेगवेगळे लागले पाहिजेत. एक हात छातीवर, एक गळ्यावर. कान बाजूला ठेव. त्या मुलीला म्हण, फुल्या मारू नकोस, बोट वर-खाली कर.

साहेबांना मी काही विचारणार नाही.

तुझे,
अप्पा

ता. क. – हे पत्र लिहिताना त्यांनी चार कागद फाडले. तू मान खाली घालून आलीस तर मी दार उघडणार नाही, एवढं लक्षात ठेव. मान वर करून कधीही ये. – आई


वसतिगृह
१६ जानेवारी

ती. अप्पा, ती. आई,
त्रिवार नमस्कार!

एकाहत्तर! शंभरात एकाहत्तर! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

अप्पा, तुमचं पत्र वाचून मी पलंगावर बसून रडले. मग उठून आरशासमोर उभी राहिले, एक हात छातीवर, एक गळ्यावर. पहिले आठ दिवस काहीच कळेना, नुसती गुदगुली. नवव्या दिवशी तो बुडी मारणारा सूर छातीत उतरला, मांजर गुरगुरावं तसा. दुसऱ्या दिवशी चढणारा सापडला. तो छातीतून निघतो आणि गळ्याशी येऊन निसटतो. कोसळणारा सगळ्यात सोपा, दार आपटल्यासारखा. सेलोवालीला ही पद्धत इतकी पटली, की तिने माझा हात आपल्या वाद्याच्या लाकडावर ठेवून एकेक सूर वाजवला. आणि आई, मग गंमत झाली. हाताला ओळखू यायला लागलेलं हळूहळू कानालाही ऐकू यायला लागलं! डिसेंबरअखेर तिच्या फुल्या बारावर आल्या.

परीक्षेत मी दोन्ही हात जागेवर ठेवून उभी राहिले. परीक्षक आमच्या बाईंकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, की हिला तसंच राहू द्या, ही ऐकतेय.

मी राहतेय. मान वर आहे.
तुमची,
ठकू


घर
२ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

एकाहत्तर म्हणजे अजून एकोणतीस बाकी आहेत. फिटर एकोणतीस टक्के ढिलं यंत्र चालू करत नाही. बाकी आनंद आहे. आई दोन दिवस गुणगुणते आहे, असं शेजारीण सांगते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून खात्री केली. खरं आहे.

तुझे,
अप्पा


वसतिगृह
२४ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्र फक्त तुम्हाला. आईला तुम्ही वाचून दाखवा.

परवा सगळ्या विद्यापीठांची मिळून परदेशी विद्यार्थ्यांची भाषणस्पर्धा झाली. वर्गातून बाईंनी मला पाठवलं. नाट्यगृह भरलेलं, पुढे पाच परीक्षक. सुट्या भागांच्या गोदामाबद्दल बोलले, खोक्यांतून आलेली अक्षरं मला वर्षानुवर्षं कशी खुणावत होती ते सांगितलं. ते पाठ होतं, नीट झालं. त्यानंतर न सांगता एक प्रश्न विचारतात. मुख्य परीक्षक पांढऱ्या केसांचे, करड्या आवाजाचे. त्यांनी विचारलं, की परदेशी माणसाचे सूर इतके साफ सहसा नसतात, तुला ते कुणी शिकवले?

मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. ते बहिरे आहेत.

सभागृहात कुजबुज झाली. परीक्षकांनी हात वर केला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, की तुझा शब्द चुकला असावा, नीट आठवून पुन्हा सांग. त्याचं कारण असं, की त्यांच्या भाषेत बहिरा आणि ड्रॅगन हे दोन्ही शब्द अगदी सारखे उच्चारतात. तोच उच्चार, तोच चढता सूर. आणि बहिरा माणूस सूर शिकवतो, हे कुणाला खरं वाटणार? त्यांना वाटलं, ही पोरगी चुकून वडिलांना ड्रॅगन म्हणतेय.

सप्टेंबरातली मी असते तर माफी मागून शब्द बदलला असता. मी छातीवर हात ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाले. सूर चढला, गळ्याशी आला, बरोबर होता. मी म्हणाले, सर, शब्द चुकलेला नाही. बाजूला फळा होता. त्यावर मी ते अक्षर मोठं काढलं. अप्पा, ते अक्षर कसं आहे माहीत आहे? वर ड्रॅगन आणि त्याच्याखाली कान. कानावर ड्रॅगन बसला की माणूस बहिरा. मी तुमची सगळी गोष्ट सांगितली. गिरणी, वर्तमानपत्र, आईचं बोट, तळहात. पाठ केलेलं एक वाक्य नव्हतं, सगळं जागच्या जागी सुचलं. आणि शेवटी म्हणाले, की पंचवीस वर्षं माझ्या वडिलांच्या कानावर हा बसलाय आणि त्यांनी त्याच्याकडूनच काम करून घेतलंय.

मग ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून उभे राहिले, मग सगळं सभागृह. आमच्या बाई पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून होत्या.

पहिला नंबर माझा. त्याबरोबर दुभाष्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पूर्ण शिष्यवृत्तीवर. आणि ११ जूनच्या वर्षअखेरीच्या समारंभात सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या वतीने मीच बोलायचं ठरलंय. विद्यापीठ आईवडिलांना बोलावतं. निमंत्रण सोबत जोडलं आहे. याल ना? दोन वर्षं आणखी राहू का, तेही सांगा.

तुमची लाडकी,
ठकू


घर
१३ मे

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

राहा. याच्यावर एकही कागद फाडला नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मी फळ्याजवळ अडकलो. तिचं बोट ना वर गेलं ना खाली. पुढचं तिने स्वतः वाचलं.

ते अक्षर मी अजून नीट काढू शकत नाही, ड्रॅगनची शेपटी बिघडते. पण गिरणीतल्या मंडळींना दाखवून आलो. पंचवीस वर्षं ज्या शब्दाने मला पाठीमागून हाक मारली गेली, त्याचा अर्थ एवढा ऐटदार असेल हे मला माहीत नव्हतं. साहेबांनाही दाखवलं. ते माहितीपत्रकांचा गठ्ठा तुझ्यासाठी बांधून ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, माझी मुलगी आता माणसांची भाषांतरं करणार, खोक्यांची नाही.

आम्ही येतोय. आईने नवे कपडे शिवायला घेतलेत. काल व्हिसाच्या कचेरीत गेलो. अर्ज मीच भरला. प्रवासाचं कारण, असा एक रकाना होता. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मला ऐकू येत नाही हे आईने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, की काका, इथे चूक झाली आहे, 'भेटायला' असं लिहा, मी नवा अर्ज देते. मी चिठ्ठी परत केली. छातीवर हात ठेवला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा साफ आवाजात सांगितलं, की बाई, चूक नाही, जे आहे तेच बरोबर आहे.

त्यांनी शिक्का मारला. अर्जावर लिहिलंय – मुलीचं भाषण ऐकायला.

लोभ उदंड आहे, तसाच तुझाही असू दे.
तुझे,
अप्पा