श्रवणमित्राची शिळा

राज्यवर्ष बारावे, माघ शुद्ध पंचमी, सकाळ
टांकसाळीतून तांब्याची नवी नाणी आली. सगळ्यांवर ठसा सरकलेला. ‘श्रवणमित्र’ यातलं शेवटचं अक्षर एकाही नाण्यावर उतरलेलं नाही. पांचालाधिपतीचं, म्हणजे माझं, नाव नाण्याच्या कडेवरून घसरून पडावं, ही घटना क्षुल्लक नव्हे. टांकसाळीचा गोमिल म्हणतो, या नाण्यातही भाजी तेवढीच येते, महाराज.
संकल्प: शिलालेख. बत्तीस श्लोक. अहिच्छत्रात दगड मिळत नाही, मथुरेहून मागवला.

फाल्गुन वद्य द्वितीया
श्लोक रचायला कवी इंद्रशर्मा आला. आपण कोणती युद्धं जिंकलीत, असं विचारू लागला. कवीला थोडी कल्पनाशक्ती नको? शेवटी कोसलावरची स्वारी सांगितली. स्वारी झाली नाही, पण मुहूर्त तीनदा काढला होता. तेवढ्यात राणी म्हणाली, “हत्तीचंही लिहा हो. तीन मुहूर्तांचा खुराक खाऊन बिचारा दारात मावेना.”
दुर्लक्ष केले.

चैत्र शुद्ध दशमी
शिळा गंगेच्या उतारावर गाड्यासकट रुतली. गाडीवान बैल सोडून घेऊन घरी गेले. उद्या पहाटे जातीने जाणार.

चैत्र शुद्ध एकादशी
ऊन फार. उद्या.

वैशाख वद्य चतुर्थी
शिळेवर परीट कपडे धुतात असं कळलं. उत्तम. कोरण्याआधी दगड गुळगुळीत करावाच लागतो. ते काम परस्पर होतंय.

ज्येष्ठ शुद्ध षष्ठी
इंद्रशर्मा मथुरेच्या राजाकडे गेला. श्लोकही नेले. फक्त नाव बदलावं लागलं म्हणे. युद्धं त्या राजाकडे तयार होती.

ज्येष्ठ वद्य त्रयोदशी
तांबं संपलं. गोमिल जुन्या नाण्यांवरच माझा ठसा मारतोय. एक उचलून पाहिलं. माझ्या नावाखाली आधीची अक्षरं अजून दिसत होती. कुणाचं हे, विचारलं.
“असेल कुणी जुना राजा,” गोमिल म्हणाला. “मी कामाला लागलो तेव्हापासून आपणच आहात, महाराज.”
अक्षरं लावली. बाबांचं नाव होतं.
जेवताना युवराजाला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही कशाला काळजी करता? तुमची शिळा मी उभारीन की.”
बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मीही त्यांना हेच म्हणालो होतो, अगदी मनापासून. पोरगा माझ्यावर गेलाय. मला भीती वाटते ती याचीच.