पार्वतम्मांचं इष्टलिंग

लातूर, १२ जानेवारी २०२५

ती. मन्मथमामांस,
प्रियदर्शनीचा शि. सा. शरणार्थ.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावत नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. इकडे सगळे ठीक. लेक मालविका संक्रांतीसाठी पुण्याहून आली आहे, दिवसभर झोपून राहिली आहे.

दवाखान्यात देवाधर्माच्या खात्याला पगार कशाचा देतात, असं तुम्ही दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलं होतंत. पगार जवळ बसायचा देतात. पंढरीबुवा, मौलवीसाहेब, भंतेजी आणि चर्चच्या एक सिस्टर असे चौघे माझ्या हाताखाली आहेत. पेशंटला कोण हवं ते विचारून मी त्यांना पाठवते. कुणीच नको असेल तर मी जाते आणि गप्प बसते.

आता काम सांगते. तुमच्या देगलूरकडच्या पार्वतम्मा म्हणून बाई आहेत, वय बहात्तर, आपल्याच समाजाच्या. पोटाचा कॅन्सर, फार पसरलेला. त्यांचा मुलगा दयानंद उदगीरला शाळेत क्लार्क आहे. त्याने आईला फक्त अल्सर आहे असं सांगितलंय. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलं आणि ते हरवलं. तुम्हाला काय सांगायचं, दीक्षेत गुरूने बांधलेलं लिंग माणूस मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही, मातीतही सोबतच जातं. प्रशासक आणि दयानंद यांनी बाई शुद्धीवर यायच्या आत बाजारातून दुसरं आणून जुन्यासारख्याच डबीत घालून बांधलं. मी त्या दिवशी नांदेडला होते. परत आल्यावर मला कळलं, आणि मीही गप्प बसले. हे लिहिताना बरं वाटत नाही.

बाई रोज ते तळहातावर घेतात, पूजा करतात आणि एकच वाक्य म्हणतात. बाई तेलुगूच बोलतात, आणि आमच्या वॉर्डात ते कुणालाच येत नाही. दयानंद म्हणतो, औषधाच्या गुंगीत बडबडतेय. मी कानाला ऐकू आलं तसं लिहून घेतलं: इदि नादि कादु. याचा अर्थ लवकर कळवा.

मामा, भांडत असलात तरी माया करता हे मला ठाऊक आहे. ती कमी होऊ देऊ नका.

आपली भाची,
प्रियदर्शनी

*

देगलूर, १६ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. अर्थ सोपा आहे. ‘हे माझं नाही.’

बाई गुंगीत नाही. साठ वर्षं रोज हातात घेतलेल्या वस्तूचं वजन हाताला कळतं, त्यासाठी शुद्ध लागत नाही. मी स्वतः लिंग बांधत नाही हे तुझ्या आईला अजून खटकतं, पण ज्याने बांधलंय त्याला दुसरंच चिकटवून द्यावं, हे मला पटत नाही. उद्या माझ्या गळ्यात माझ्या मर्जीविरुद्ध काही बांधलं तर मी जितका चिडेन, तितकंच हे चूक.

तिथं येऊन बोललो असतो, पण गुडघे बसचा प्रवास सोसत नाहीत. म्हणून तीन वाक्यं लिहून देतो. सावकाश वाच. अम्मा, इदि मीदि कादु. मीदि पोयिंदि. तप्पु मादि. म्हणजे, अम्मा, हे तुमचं नाही, तुमचं हरवलं, चूक आमची. शेवटचं वाक्य गाळू नकोस. शाळेत तीस वर्षं मी पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, माझी एकही कबूल केली नाही. तेवढा तुझ्या खात्याचा उपयोग असेल तर पगार घे खुशाल.

सिंधु तुला संक्रांतीचे तिळगूळ पाठवते आहे. तिची बापावर आहे तितकीच तुझी माया मामावर राहू दे.

तुझा,
मन्मथमामा

*

लातूर, २८ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. शरणार्थ.

वि. वि. पत्र आलं त्याच दिवशी दयानंदला बोलावलं आणि तुम्हीच सांगा म्हटलं. त्याने हात जोडले. आई लई हळवी हाय, धक्क्यानंच जाईल, म्हणाला. मी त्याला एक दिवस दिला. त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग झाल्यावर मी खाटेजवळ बसले, तो समोर उभा होता. मी तुमची तीन वाक्यं कागदावरून वाचली.

बाई हसल्या. उच्चारांना हसल्या असाव्यात. मग पुष्कळ वेळ बोलल्या, आणि मला एक अक्षर कळेना. मी दयानंदकडे पाहिलं. त्याला सांगावंच लागलं. आई म्हणते, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू बांधलंस म्हणून मी त्याचीही पूजा केली. पण तू कधी सांगतोस म्हणून रोज तुझ्या देखत म्हणत होते, आणि तू दर वेळी बाहेर जात होतास.

एवढं सांगून तो थांबला. बाईंनी त्याला आणखी काहीतरी विचारलं. ते त्याने मला सांगितलं नाही. खाली बसला, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तेलुगूत बोलत राहिला. त्यात कॅन्सर हा शब्द मला कळला. मी बाहेर आले.

पार्वतम्मांनी आदळआपट केली नाही. गावी न्या, एवढंच म्हणाल्या. गुरूंकडून नवं लिंग घ्यायचं आहे, आणि ते शुद्धीत घ्यायचं आहे. परवा घरी गेल्या. दुखण्याची औषधं सोबत दिली आहेत, डॉक्टरांनी फोनवर राहायचं कबूल केलं आहे.

झालेला प्रकार मी माझ्या सहीने लिहून दिला, मी गप्प बसले तेही त्यात लिहिलं. प्रशासकांनी मेमो दिला. सहा महिने विभागावर नजर राहील, मग ठेवायचा की बंद करायचा ते ठरेल. पेशंटच्या अंगावरची वस्तू काढली तर ती नातेवाइकाच्या हातात देऊन सही घ्यायची, असा नियम मात्र निघाला. मेमोचं आईला सांगू नका, ती उगीच नवस बोलेल.

रागवा, पण अबोला धरू नका.

आपली,
प्रियदर्शनी

*

देगलूर, १५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

पार्वतम्मा मंगळवारी गेल्या. गाव इथून नऊ किलोमीटर आहे, म्हणून गुडघे दुखत असतानाही रिक्षाने गेलो. आपल्या रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. नवं लिंग दयानंदने आपल्या हाताने त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. गुरूंनी ते दिलं तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या, असं शेजारणीने सांगितलं. नंतर दयानंद माझ्याजवळ येऊन बसला. हे पंधरा दिवस आईशी बोललो तेवढं वीस वर्षांत बोललो न्हाई, म्हणाला. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

आता दुसरं. डिसेंबरात मी नांदेडला एक तपासणी करून घेतली. मानेजवळची गाठ. रिपोर्ट चांगला नाही. दोन महिने तो कपाटात कपड्यांखाली होता. मातीहून परत आलो, आंघोळ केली आणि सिंधुला तो वाचायला दिला. ती आधी भांडली. मग चहा ठेवायला गेली आणि आत बराच वेळ लागला तिला. बाहेर आल्यावर डॉक्टरांकडे कधी जायचं एवढंच विचारलं. मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

येत्या शुक्रवारी तिच्याबरोबर गाडी करून तुमच्या दवाखान्यात येतो. बुवा, मौलवी, भंतेजी कुणाला पाठवू नकोस. तू ये. बोललीस तर ऐकेन, कानाचं मशीन लावून येतो.

तुझा,
मन्मथमामा