चादर धरणारा हात

३ मे
ढाणकीची महिलांची सभा आटोपून आले, घसा बसलेला. घरी प्रणाली. पुण्याहून लेकीला, जुईला घेऊन माहेरपणाला. जुई आता टेकू न घेता बसते. कळंब रस्त्याच्या आमच्या शेतात, आंब्याखाली तिचे फोटो काढायचं प्र.च्या मनात. म्हटलं, एवढ्या उन्हात? "कैऱ्या आत्ताच असतात, आई."
फोटोवाल्या सलीमभाईंना फोन. "मॅडम, दिवस निघाच्या आत पोहोचा. ऊन चढलं का मी सामान बांधतो. आन् जाळीचा फ्रॉक नका आनू, सुती झबलं आना."

५ मे
प्र.ने हौसेने नेलेलं पितळी घंगाळ गाडीतच राहिलं. सलीमभाई म्हणाले, "ताई, पितळ तापते, लेकराले चटका लागते." मग वेताची टोपली, आत माझं जुनं लुगडं, त्यावर जुई. दूध पाजून झालेलं. सकाळचं ऊन आडवं, झाडाखाली शिरतं. म्हणून पांढरी चादर. एक टोक फांदीला, दुसरं माझ्या हातात. एवढंच काम मला होतं.
प्र. दुसरं झबलं आणायला गाडीकडे गेली, सलीमभाई फडकं भिजवायला विहिरीवर. तेवढ्यात दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून शेजारचे नामदेवराव.
"पोरगीच हाय ना बाई? मंग कायले येवढा तामझाम?"
उत्तर दिलं. सभेत देते तसं. चांगलं बोलले, नामदेवरावांची मान खाली गेली. बोलताना माझा हात वर जातो, ही जुनी सवय. मागे रडणं ऐकू येत होतं. सभेत कुणाचं तरी मूल रडतंच, तसं वाटलं.
"आई, चादर!"
टोक माझ्या पायाशी. ऊन थेट जुईच्या तोंडावर. चेहरा लालबुंद, डोळे घट्ट मिटलेले.
संध्याकाळी गालावर, मानेवर पुरळ. डॉक्टर म्हणाले, गार फडक्याने पुसत राहा, दूध पाजत राहा. ताप नाही.

६ मे
जुई हसते, पिते. प्र. माझ्याशी नीट बोलते. जुईला घ्यायला हात पुढे केला तर, "राहू दे, मी घेते."
कालचा एकही शब्द मागे घेणार नाही. पण जिच्यासाठी बोलत होते तिच्याकडे माझी पाठ...

८ मे
पुरळ गेलं. प्र. परवा निघणार. "उद्या पहाटे परत जाऊ, थोडाच वेळ. चादर दोन्हीकून झाडालेच बांधू."
बरं म्हटलं.

९ मे
बांधलेली चादर वाऱ्याने फडफडली, जुई दचकली. प्र.ने माझ्याकडे बघितलं. मग एक टोक सोडून माझ्या हातात दिलं.
नामदेवराव आलेच. "काहून बाई, आज भाषन नाही? पटलं वाट्टे माहं!"
जीभ दातांखाली धरली. हात भरून आला, हलवला नाही. जुई कैरी बघून खळखळून हसली. सलीमभाई खूश. ऊन चढायच्या आत गाडीत.
वाटेत प्र.ने जुईला माझ्या मांडीवर दिलं. माझं बोट धरून लगेच झोपली. प्र. खिडकीबाहेर बघत होती.
"त्याले काहीच नाही बोलली तू?"
कौतुक होतं की तक्रार, आवाजावरून कळलं नाही. इतकी वर्षं लोकांचे आवाज ओळखत आले. विचारावं म्हटलं, तर जुई जागी होईल.